मुकादमाचा नंबर कुठल्या बजेटात बसतो?

टीबीच्या कामातली सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे थुंकीची प्लॅस्टिकची डबी, आणि सगळ्यात किचकट काम म्हणजे ती नीट भरून घेणं. बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयामागे, लिंबाच्या झाडाखाली, लॅबच्या ताई पेशंटला समजावत होत्या. "मावशी, आधी चूळ भरा. दोनदा खोल श्वास घ्या, तिसऱ्यांदा छातीतून खोका. लाळ नको, बेडका पाहिजे." मावशींनी पदर तोंडाला लावला, इकडेतिकडे पाहिलं. चारचौघांत खाकरायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. ताई पाठ फिरवून उभ्या राहिल्या. पहिल्या खेपेला डबीत नुसता पातळ फेस आला. ताईंनी डबी उजेडात धरली आणि म्हणाल्या, "अजून एकदा." लाळेवर तपासणी केली तर यंत्राची चिप वाया जाते, वर आजारी माणूस 'निगेटिव्ह'चा कागद घेऊन घरी जातो आणि घरातल्या पोराबाळांसमोर खोकत राहतो.

आतल्या खोलीत ट्रूनॅट नावाचं यंत्र आहे. ते गोव्याच्या मोलबायो कंपनीचं. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये त्याला मान्यता दिली. ताई बेडक्यात द्रावणाचे थेंब टाकतात, तो पातळ व्हायची वाट पाहतात, मग त्यातला थोडा कार्ट्रिजमध्ये घालतात. वीसेक मिनिटांत यंत्र त्यातला डीएनए वेगळा करतं. त्याचा एक थेंब नखाएवढ्या चिपवर सोडला की पुढच्या पाऊण तासात जंतू आहेत की नाहीत ते कळतं. असले, तर दुसरी चिप लावून रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही तेही पाहतात. यंत्र बॅटरीवर चालतं. लाइट गेली तरी तपासणी अडत नाही, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ही काही लहान गोष्ट नव्हे. एचआयव्ही असलेल्या माणसाच्या बेडक्यात टीबीचे जंतू बरेचदा इतके थोडे असतात की सूक्ष्मदर्शकाला ते चुकतात. अशा पेशंटसाठी ही चिप फार मोलाची.

या एका खोलीत किती ठिकाणचा पैसा येऊन मिळतो, ते पाहण्यासारखं आहे. देशात अशी यंत्रं काही सरकारी खरेदीतून आली, काही ग्लोबल फंडाच्या मदतीतून. एड्स, टीबी आणि मलेरियासाठी हा निधी 2002 मध्ये उभा राहिला, त्याचं कार्यालय जिनिव्हाला आहे. कार्यक्रमातले बहुतेक कर्मचारी राष्ट्रीय आरोग्य अभियानातले, म्हणजे कंत्राटी. आशाताईंना मोबदला कामाच्या हिशेबाने. पेशंटच्या खात्यात पोषणासाठी 2018 पासून महिन्याला 500 रुपये येत, नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 झाले. निदान झालेल्या प्रत्येक टीबी रुग्णाची एचआयव्ही तपासणी करायची, ती शेजारच्या आयसीटीसीच्या, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्राच्या, खोलीत. त्या खोलीचा खर्च नॅकोकडून, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेकडून, राज्याच्या एड्स नियंत्रण संस्थेमार्फत.

बाहेरचा पैसा आणि इथली माणसं ही जोडी जुनीच आहे. 1956 मध्ये मद्रासला क्षयरोगावर एक केंद्र निघालं. जागतिक आरोग्य संघटना, ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल, आपली आयसीएमआर आणि मद्रास सरकार असे चौघे त्यात होते. सॅनिटोरियममध्ये ठेवलेला रुग्ण आणि घरी राहून गोळ्या घेणारा रुग्ण, दोघेही सारखेच बरे होतात, हे तिथे सिद्ध झालं. घरी राहिल्याने घरातल्यांना धोका वाढत नाही, हेही दिसलं. 1959 च्या त्या निष्कर्षाने जगभरच्या सॅनिटोरियमांचे दिवस भरले. पण तो निष्कर्ष कागदावर यायच्या आधी आरोग्यसेविका मद्रासच्या वस्त्यांमध्ये घरोघर जाऊन गोळ्या मोजत होत्या, गोळ्या खरंच पोटात गेल्या का हे लघवीच्या तपासणीने पाहत होत्या. सल्लागार परदेशातून आले, दार ठोठावणाऱ्या बायका तिथल्याच होत्या.

1992 मध्ये नॅको सुरू झालं ते जागतिक बँकेच्या सुमारे 8.4 कोटी डॉलरच्या कर्जावर. 1997 पासून टीबीचा सुधारित कार्यक्रम पसरत गेला, त्यालाही बँकेचं कर्ज होतं. 2006 मध्ये त्याने सगळा देश व्यापला. 2003 मध्ये गेट्स फाउंडेशनने 'आवाहन' हा एचआयव्ही प्रतिबंधाचा कार्यक्रम महाराष्ट्रासह सहा राज्यांत उभा केला. त्याची मदार होती वस्तीतल्याच माणसांवर. वेश्याव्यवसायातल्या बायकाच आपल्या मैत्रिणींना दवाखान्यात नेत, निरोध वाटत. 2009 पासून तो टप्प्याटप्प्याने सरकारकडे सोपवला. त्यासाठी आधी खर्चाचे दर सरकारी दरांशी जुळवून घ्यावे लागले. देणगीदाराच्या दराने लागलेली सवय सरकारी दरात निभत नाही, हे तेव्हा कळलं.

पैशाबरोबर अटीही येतात. सांगलीची 'संग्राम' संस्था 1992 पासून वेश्याव्यवसायातल्या महिलांबरोबर एचआयव्हीचं काम करते. अमेरिकी मदत घ्यायची तर वेश्याव्यवसायाला आपला विरोध आहे असं लेखी द्या, अशी अट आली. ज्या बायकांच्या विश्वासावर काम उभं होतं, त्यांच्याच विरोधात सही करायची होती. 2005 मध्ये संस्थेने पैसा सोडला, बायका सोडल्या नाहीत. काम आजही चालू आहे.

हा विश्वास रोजच्या कामात कसा वापरला जातो, ते परत बीडमध्ये, तालुक्याच्या टीबी सुपरवायझरबरोबर फिरताना दिसलं. कार्यक्रमात त्यांना एसटीएस म्हणतात. दिवाळी झाली की इथली गावं रिकामी होतात. ऊसतोडीचे कोयते, म्हणजे नवराबायकोच्या जोड्या, ट्रॅक्टरवर चढतात आणि कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे, काही थेट कर्नाटकात जातात. टीबीचा साधा कोर्स सहा महिन्यांचा, आणि कारखान्याचा हंगाम नेमका त्याच्या मधे येतो. 'निक्षय' या सरकारी पोर्टलवर पेशंट एका क्लिकमध्ये दुसऱ्या जिल्ह्याकडे ट्रान्सफर होतो. प्रत्यक्षात तो कुठल्या फडात आहे, हे पोर्टलला माहीत नसतं. ते टोळी नेणाऱ्या मुकादमाला माहीत असतं. सुपरवायझरच्या खिशात एक जीर्ण वही आहे, तिच्यात मुकादमांचे नंबर.

गाडी बाभळीखाली लावून त्यांनी फोन केला. "राम राम मुकादम. तुमच्या टोळीतले ते मामा कुठं हायेत सध्या? त्यांच्या गोळ्या संपत आल्या असतील. नाय नाय, काय मोठं नाय, छातीचं औषध आहे." टीबी हा शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही. मुकादमाला कळलं तर मामांची उचल अडेल, कोयता तुटेल, खोपीशेजारी कोणी खोप घालणार नाही. पेशंट एचआयव्हीचाही असेल तर 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा सांगतोच की संमतीशिवाय ही माहिती बाहेर जाता कामा नये. पण कायद्याच्याही आधी हा माणूस ते पाळत होता, कारण एकदा बोभाटा झाला की अख्ख्या तांड्यातला पुढचा खोकला लपवला जातो. ठिकाण कळलं. मग दुसरा फोन तिथल्या तालुक्याच्या सुपरवायझरला: "दादा, माझा एक पेशंट तुमच्याकडं आलाय, उद्या गोळ्या पोचवता का?" दुसऱ्या दिवशी गोळ्या पोचल्या. या दोन फोनना आणि वहीला कुठल्याच प्रकल्पाच्या अहवालात रकाना नाही.

2025 च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत 90 दिवसांसाठी थांबवली, आणि 1 जुलैला यूएसएड ही तिची मदतसंस्थाच बंद झाली. यूएसएडच्याच पैशातून गोव्याची ट्रूनॅट यंत्रं नायजेरिया, बांगलादेशासारख्या देशांत गेली होती. मदत थांबली म्हणून यंत्र कोणी उचलून नेत नाही, पण त्यामागच्या माणसाचा पगार तिथल्या तिथे थांबतो. दक्षिण आफ्रिकेत अमेरिकी निधीवर असलेल्या हजारो आरोग्य कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. आपल्याकडे टीबी आणि एचआयव्हीचा बहुतेक भार आता सरकारी तिजोरीवर आहे. केंद्राने एड्स नियंत्रणाच्या पाचव्या टप्प्यासाठी, 2021 ते 2026 साठी, 15,471.94 कोटी रुपये मंजूर केले. म्हणून आपल्याला तो धक्का तितका बसला नाही. पण पैसा स्वतःचा असला म्हणजे भागतं असंही नाही. 2024 मध्ये टीबीच्या औषधांचा देशभर तुटवडा झाला, तेव्हा केंद्राला राज्यांना स्थानिक खरेदी करायला सांगावं लागलं. पेशंटसमोर रिकामे हात घेऊन उभे राहिले ते याच वहीवाल्यांचे भाऊबंद.

निधी जिनिव्हाचा असो, वॉशिंग्टनचा की दिल्लीचा, त्याला एकच प्रश्न विचारला पाहिजे: हा पैसा आटल्यावर इथल्या किती माणसांना हे काम येत असेल, आणि त्यांना पगार कोण देईल? यंत्राची उद्घाटनं होतात, पाटी लागते, फोटो निघतो. टेक्निशियनचं कायम होणं, डबी उपकेंद्रातून लॅबपर्यंत नेणाऱ्याचं पेट्रोल, सुपरवायझरचा फोन, यांचे फोटो निघत नाहीत, म्हणून बजेटात कात्री पहिली तिथेच लागते.

2022 पासून 'निक्षय मित्र' योजनेत कोणालाही टीबी रुग्णांना मदत करता येते. बहुतेक कंपन्या, मंडळं पोषणाच्या टोपल्या देतात. त्या जरूर द्याव्यात. पोटात अन्न नसेल तर गोळ्या सोसत नाहीत. पण तुमच्या कंपनीकडे सीएसआरचा निधी असेल, तर टोपलीआधी तालुक्याच्या टीबी युनिटमध्ये जाऊन विचारा की इथे डबी कोण नेतं, त्याला पैसे कधी मिळतात, आणि कोणती जागा किती दिवस रिकामी आहे. उत्तर मिळालं की चेक कुठे लिहायचा ते वेगळं सांगावं लागणार नाही.