‘टेक ऑफ’चं कर्म शोधा

स्पर्धा परीक्षांच्या गाइडांत फ्रेजल व्हर्बची यादी असते. डावीकडे ‘टेक ऑफ’. उजवीकडे काढणे, उड्डाण करणे, रजा घेणे, वजा करणे, नक्कल करणे, एकदम जोर धरणे. मुलं ती घोकतात आणि वाक्य समोर आलं की अडतात. यादी खोटी नसते, पण कुठला अर्थ कधी लागतो हे ती सांगत नाही. ते वाक्यच सांगतं, आणि त्यात आधी कर्म शोधावं. ‘ही टुक ऑफ हिज शूज’मध्ये बूट हे कर्म आहे, म्हणून ते काढले. ‘द प्लेन टुक ऑफ’मध्ये कर्मच नाही, विमान उडालं. कर्म नाही आणि कर्ता माणूस असला, तर तो बहुधा तडकाफडकी निघून गेलेला असतो. कर्ता धंदा असला, तर धंद्याने जोर धरलेला असतो. अर्थतज्ज्ञ वॉल्ट रोस्टो यांनी १९६० साली आर्थिक वाढीच्या पाच टप्प्यांपैकी तिसऱ्याला ‘टेक-ऑफ’ म्हटलं, तेही याच अर्थाने. कर्म दिवस असेल तर रजा, रक्कम असेल तर सूट.

मराठी माणसाची गफलत नेमकी या कर्मापाशी होते. ‘विमानाने टेक ऑफ घेतला’ असं आपण सर्रास म्हणतो. म्हणजे क्रियापदाचं नाम करून त्याला आपलं ‘घेणे’ जोडतो. मराठीत ते खपून जातं. पण त्याच सवयीने इंग्रजीत ‘द पायलट टुक ऑफ द प्लेन’ लिहिलं, तर वैमानिकाने विमान अंगरख्यासारखं उतरवून ठेवल्याचा भास होतो. तिथे ‘द पायलट टुक ऑफ’ एवढंच पुरतं. सर्वनामाचंही असंच. ‘टेक ऑफ युवर शूज’ आणि ‘टेक युवर शूज ऑफ’ दोन्ही चालतात, पण ‘टेक ऑफ देम’ चालत नाही. ‘देम’ मधेच बसायला हवं.

यावर कोणी म्हणेल, एवढी उठाठेव कशाला? ‘रिमूव्ह’ आहे, ‘डिपार्ट’ आहे. पादत्राणं काढायला सांगणाऱ्या पाट्यांवर ‘रिमूव्ह’ शोभतंही. पण घरी आलेल्या पाहुण्याला तेच म्हटलं, तर पाटीच वाचून दाखवल्यासारखं वाटेल. शिवाय ‘डिपार्ट’ म्हणजे ‘टेक ऑफ’ नव्हे. वेळापत्रकातली सुटण्याची वेळ ही साधारणपणे विमान आपल्या जागेवरून हलण्याची असते. चाकं धावपट्टी सोडतात ती त्यानंतर, कधी कधी बऱ्याच वेळाने. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ‘ऑफ’ म्हणजे सुटणं, वेगळं होणं, एवढं लक्षात ठेवलं की झालं, कर्म कशाला तपासायचं? बूट पायापासून, विमान जमिनीपासून, दिवस कामापासून सुटतो, इथवर हे छान जुळतं. पण ‘द अलार्म वेंट ऑफ’ वाचून गजर बंद पडला असं समजणारे याच तर्काने फसतात. तो वाजलेला असतो. ‘विसरून बसला’मध्ये तरी कोण बसलेलं असतं? आणि ब्रिटिश इंग्रजीत ‘शी टेक्स ऑफ द प्राइम मिनिस्टर’ म्हणजे ती पंतप्रधानांची हुबेहूब नक्कल करते. तिथे ‘ऑफ’वरून काहीच उमगत नाही. कर्म माणूस आहे, एवढाच धागा हाती लागतो, आणि हा एक अर्थ मात्र घोकावाच लागतो.