परसबागेतील मातीची आम्लता

वसतिगृहाच्या भोजनगृहात शिजणारी बरीचशी भाजी शाळेच्या परसबागेत पिकते, हे माजी विद्यार्थ्यांना स्मरत असेलच. कोकणातल्या जांभ्याच्या तांबड्या मातीत रासायनिक खतांविना भाजी पिकविताना आम्ही शेणखतात कधी हात आखडता घेतला नाही. तरीही कोबी आणि घेवडा खुरटलेलेच राहत. कारण मातीच्या आम्लतेत सापडले.

ही आम्लता ‘सामू’ या मापाने मोजतात. सामू 7 म्हणजे उदासीन माती. त्याखाली ती आम्ल, त्यावर अल्कधर्मी. एका अंकाचा फरक म्हणजे दहापट बदल. बहुतेक भाज्यांना 6 ते 7 सामू मानवतो. कोकणात मुसळधार पाऊस मातीतील कॅल्शियम व मॅग्नेशियम धुऊन नेतो. सामू 5.5 च्या खाली उतरला की ॲल्युमिनियम विरघळून मुळांची टोके दुखावतात, स्फुरद मातीतच अडकतो आणि घेवड्याच्या मुळांवर नत्राच्या गाठी नीट धरत नाहीत. खत असूनही रोप उपाशी राहते.

यावर चुनखडीची किंवा शिंपल्यांची बारीक भुकटी हा सेंद्रिय शेतीला मान्य असलेला उपाय आहे. ती लागवडीपूर्वी काही आठवडे ओलसर मातीत मिसळावी. ताज्या शेणखतासोबत चुना घालू नये; नत्र वायुरूपाने उडून जातो. लाकडाची राख लवकर गुण देते व पालाशही पुरविते. मात्र ती बेतानेच वापरावी. आम्ही स्वयंपाकघरालगतच्या एकाच वाफ्यात वर्षानुवर्षे राख ओतत राहिलो. तेथील कोवळी पाने पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. सामू अतिरिक्त वाढल्याने रोपांना लोह मिळत नव्हते. चूक आमचीच होती.

तेव्हापासून आम्ही आधी माती तपासतो. बागेतील आठ-दहा ठिकाणांहून वीतभर खोलीपर्यंतची माती घ्यावी, ती एकत्र करून सावलीत वाळवावी आणि त्यातील अर्धा किलो प्रयोगशाळेत द्यावी. चुन्याचे प्रमाण अहवालावरूनच ठरवावे.

मराठवाड्यात व विदर्भात स्थायिक झालेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी तर हे अवश्य ध्यानात ठेवावे. तेथील काळ्या मातीत मुळातच चुनखडी असते आणि सामू बहुधा 7 च्या वर असतो. शाळेत पाहिलेला चुन्याचा उपाय तेथे जसाच्या तसा केल्यास पिकाचे नुकसानच होईल. शाळेतून न्यायचा तो चुना नव्हे. आधी माती तपासण्याची सवय न्यावी, एवढीच आमची विनंती.