शंभर नॅनोमीटर म्हणजे नेमके किती?

२०२१मध्ये म्युकरमायकोसिसच्या रुग्णांचे नातेवाईक लिपोसोमल अँफोटेरिसिन-बीची इंजेक्शने शोधत वणवण फिरत होते, तेव्हा लिपोसोम हा शब्द अनेक घरांत पहिल्यांदा पोहोचला. लिपोसोम म्हणजे लिपिडच्या दुहेरी थराची पोकळ पुटिका. थर जेमतेम ४-५ नॅनोमीटर जाडीचा. पुटिकेचा व्यास मात्र साधारण ३० नॅनोमीटरपासून कित्येक मायक्रोमीटरपर्यंत. औषध रक्तात किती वेळ टिकेल आणि यकृत-प्लीहा ते किती लवकर टिपतील, हे बऱ्याच अंशी या व्यासावर ठरते. म्हणून तो नीट मोजायला हवा.

गैरसमज : १०० नॅनोमीटर छिद्रांच्या पडद्यातून काढले, की सगळे लिपोसोम तेवढेच होतात.

लिपोसोम दाबाने पडद्यातून ढकलणाऱ्या यंत्रातला, म्हणजे एक्स्ट्रूडरमधला, पॉलिकार्बोनेटचा पडदा ही चाळणी नव्हे. मोठ्या, अनेक पदरी पुटिका दाबाखाली छिद्रात ताणल्या जातात, तुटतात आणि लहान होऊन पुन्हा मिटतात. छिद्राहून लहान पुटिका मात्र फारशा न बदलता निसटतात. त्यामुळे २०० नॅनोमीटरच्या छिद्रांतून काढलेल्यांची सरासरी बहुधा त्याहून कमी भरते, ५० नॅनोमीटरच्या छिद्रांतून काढलेल्यांची जास्त. शिवाय लिपिड त्याच्या संक्रमण तापमानाच्या, म्हणजे ज्या तापमानाला त्याचा घट्ट थर प्रवाही होतो त्याच्या, वर असावे लागते : डीपीपीसी या लिपिडसाठी सुमारे ४१ अंश सेल्सिअस, डीएसपीसीसाठी सुमारे ५५. थंड लिपिड पडद्यात अडकून बसते.

गैरसमज : डीएलएस यंत्र व्यास थेट मोजते.

सर्वाधिक घोळ इथे होतो. डायनॅमिक लाइट स्कॅटरिंगमध्ये (डीएलएस) यंत्र कण पाहत नाही; कणांच्या थरथरीमुळे विखुरलेल्या प्रकाशात होणारे चढउतार टिपते. त्यावरून विसरणाचा वेग आणि स्टोक्स-आइन्स्टाइन समीकरणाने व्यास काढला जातो. या समीकरणात तापमान आणि द्रावाची श्यानता असते. सुक्रोजच्या द्रावणात मोजून यंत्रात पाण्याची श्यानता भरली, तर उत्तर चुकणारच.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे प्रकाशाचा पक्षपात. लहान, भरीव कणांचा विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. तिप्पट व्यासाचा कण ७२९ पट झळकतो. लिपोसोम पोकळ असल्याने वाढ साधारण चौथ्या घाताने होते, तरीही फरक ८१ पटींचा. मूठभर मोठ्या पुटिका असंख्य लहानांना झाकून टाकतात. यंत्र दाखवते ती ‘सरासरी’ या प्रकाशाच्या वजनाने काढलेली असते, पुटिकांच्या संख्येने नव्हे. सॉफ्टवेअर संख्येनुसार आलेखही देते, पण तो त्याच मापनावरून गणिताने काढलेला असल्यामुळे मूळची लहानशी चूक त्यात कितीतरी फुगते. मला तो आलेख एकट्याने पुरावा म्हणून मान्य नाही.

गैरसमज : कॉलममधून लहान कण आधी बाहेर पडतात.

आकारानुसार पुटिका वेगळ्या करण्यासाठी त्या जेलच्या मण्यांनी भरलेल्या कॉलममधून सोडतात. या मण्यांना सूक्ष्म छिद्रे असतात. लहान पुटिका त्यांत शिरून रेंगाळतात, मोठ्यांना आत जाता येत नाही, म्हणून मोठ्या आधी बाहेर येतात. १९६९मध्ये हुआंग या संशोधकांनी सेफॅरोज ४बी हे जेल वापरून अल्ट्रासाउंडने बनवलेल्या पुटिका अशाच वेगळ्या केल्या. सेफाडेक्स जी-५० हे जेल मात्र या कामाला चालत नाही. त्याची छिद्रे इतकी बारीक, की सगळेच लिपोसोम एकत्र बाहेर पडतात. लिपोसोमबाहेर राहिलेले मोकळे औषध वेगळे करायला ते उत्तम. नव्या कॉलमवर थोडे लिपिड चिकटून वाया जाते, म्हणून आधी रिकामे लिपोसोम सोडून तो तृप्त करून घ्यावा. असिमेट्रिक फील्ड-फ्लो फ्रॅक्शनेशन या आकारानुसार वेगळे करण्याच्या दुसऱ्या पद्धतीत क्रम नेमका उलटा : लहान आधी, मोठे नंतर. दोन्ही पद्धतींचे आलेख शेजारी ठेवून वाचताना हे ध्यानात हवे.

गैरसमज : व्यास कळला म्हणजे लिपोसोम कळला.

एकाच व्यासाची पुटिका एकपदरी असू शकते किंवा अनेक पदरी, आणि आत मावणारे औषध त्यानुसार बदलते. डीएलएसला हा फरक दिसत नाही. तो क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो, कारण तिथे नमुना क्षणात गोठवून जवळपास मूळ रूपात पाहता येतो.

प्रबंध किंवा अहवाल लिहिणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे : नुसते ‘१०० नॅनोमीटर’ लिहू नका. पद्धत, तापमान, द्रावण, सरासरीचा प्रकार आणि आकारांची पसरण, हे सगळे त्या आकड्याशेजारी द्या.