पुहपुटऱ्याची मातीची जाळी

स्थापत्याचे कसलेही शिक्षण नसताना, नकाशा न काढता आणि मजूर न लावता स्वतःच्या हातांनी वास्तू घडवत गेलेल्या माणसांचा विषय निघाला की काही नावे हटकून पुढे येतात. फ्रान्समधील फेर्दिनां शेव्हाल या पोस्टमनने टपाल वाटताना वेचलेल्या दगडांतून १८७९ ते १९१२ अशी ३३ वर्षे खपून एक महाल उभारला; चंडीगडचे रस्ते निरीक्षक नेकचंद यांनी, नवे शहर वसवण्यासाठी पाडलेल्या गावांच्या भंगारातून, सरकारी जंगलात कोणाच्या नकळत रॉक गार्डन घडवले. या मालिकेत रायपूरच्या उत्तरेला तीनशेहून अधिक किलोमीटरवर, सरगुजा जिल्ह्यातील पुहपुटरा गावी असलेल्या सोनाबाई रजवार यांच्या मातीच्या घराचे नाव क्वचितच घेतले जाते, आणि ही उणीव मोठी आहे.

१९३० च्या सुमारास जन्मलेल्या सोनाबाईंना लग्नानंतर पतीने गावाच्या कडेच्या घरात ठेवून जवळजवळ पंधरा वर्षे बाहेरच्या माणसांशी संबंधच ठेवू दिला नाही. घरात लहान मुलगा होता आणि त्याला खेळणी नव्हती, म्हणून त्यांनी विहिरीजवळच्या मातीची चित्रे घडवली. हात बसत गेला तशी ती चित्रे भिंतींवर चढली, खांबांवर आली आणि शेवटी अंगणाभोवतीच्या ओसरीच्या मोकळ्या जागांत जाळीचे रूप घेऊन उभी राहिली.

या जाळीचे तंत्र समजून घेण्याजोगे आहे. बांबूच्या पातळ कामट्या वाकवून त्यांची कडी करायची, ती एकमेकांना बांधून खांबांच्या मधे बसवायची, त्यावर पेंढा मिसळून मळलेल्या मातीचे लिंपण चढवायचे आणि ते वाळले की छुहीने, म्हणजे त्या भागात मिळणाऱ्या पांढऱ्या मातीने, सारवून घ्यायचे, असा हा क्रम आहे. कड्यांच्या पोकळ्यांत पक्षी, माकडे, साप आणि बासरी वाजवणारा कृष्ण बसवलेला असतो, आणि त्यांचे रंग माती, झाडपाला व स्वयंपाकघरातील जिनसांपासून केलेले असत. छत्तीसगडच्या उन्हाळ्यात अशी जाळी ऊन गाळून आत सोडते, वारा अडवत नाही आणि जमिनीवर सावलीची नक्षी हलती ठेवते, म्हणून तिला केवळ सजावट म्हणणे अपुरे ठरते. ती सोनाबाईंनी आपल्या कोंडलेल्या घरासाठी शोधलेली खिडकी आहे.

त्यांच्या कामाला परंपरेचा आधार होता. पौष पौर्णिमेला, रायपूरच्या मैदानी भागात छेरछेरा आणि सरगुजाकडे छेरता म्हणून साजऱ्या होणाऱ्या सुगीच्या सणाला, रजवार समाजातील स्त्रिया घर नव्याने लिंपतात व भिंतींवर मातीची उठावाची नक्षी काढतात. त्यामुळे प्रशिक्षित कलाजगताबाहेरच्या निर्मितीसाठी वापरली जाणारी ‘आउटसायडर आर्ट’ ही संज्ञा सोनाबाईंना अर्धीच लागू पडते: हात परंपरेचा होता, पण घरभर अशी वस्ती उभी करण्याची कल्पना सर्वस्वी त्यांची.

१९८३ मध्ये भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्राने पाठवलेले संग्राहक पुहपुटऱ्याला पोचले आणि सोनाबाईंचे काम जगापुढे आले. राष्ट्रीय पुरस्कार व मध्य प्रदेश शासनाचा तुलसी सन्मान त्यानंतर मिळाले. त्या संग्राहकांचे ऋण मान्य करूनही एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी, ती ही की भिंतीतून काढून दालनात ठेवलेल्या जाळीतून ना ऊन येते ना वारा, आणि दरवर्षीच्या सारवणाला मुकलेली माती नुसती वस्तू होऊन राहते. सोनाबाई २००७ मध्ये निवर्तल्या. सॅन डिएगोच्या मिंगेई संग्रहालयातील त्यांच्यावरचे मोठे प्रदर्शन २००९ चे.

मराठी अभ्यासक कालिदासाच्या ‘मेघदूता’तला रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक की सरगुजातील रामगड, हा वाद मनात घेऊन सरगुजाच्या मुख्यालयाची, अंबिकापूरची, वाट धरतात आणि रामगडची सीताबेंगरा गुहा पाहून परततात. पुहपुटरा त्याच भागात आहे. सोनाबाईंनंतर इतर रजवार स्त्रियांनीही ही जाळी आत्मसात केली आहे, तेव्हा रामगडला जाणाऱ्यांनी एक दिवस या मातीच्या घरांसाठी राखून ठेवावा, आणि शक्यतो छेरत्याच्या सुमारास, भिंती नुकत्याच लिंपलेल्या असताना जावे.