छायाचित्रांचे दप्तर आणि कीवर्डांविषयीचे काही गैरसमज

सोलापुरात छायाचित्रांची वाण कधीच नव्हती. संक्रांतीच्या सुमारास श्री सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरली, की नंदीध्वजांच्या मिरवणुकीपासून शोभेच्या दारूकामापर्यंत प्रत्येक प्रसंगावर शेकडो कॅमेरे आणि त्याहून कितीतरी अधिक मोबाईल रोखलेले असतात. नान्नजच्या माळावर पक्षिनिरीक्षक दुर्बिणी नि लांब लेन्सा घेऊन हिंडत असतात. आणि कापडगिरण्यांत ज्यांच्या दोन-तीन पिढ्यांनी आयुष्य काढले त्या घरांतील पेट्यांतून निघालेली कृष्णधवल चित्रे स्कॅन होऊन संगणकावर दाखल होत असतात. हा सारा ऐवज सांभाळण्यासाठी लाइटरूम, डिजिकॅम यांसारखी सॉफ्टवेअरे सर्रास वापरली जातात. परंतु या सॉफ्टवेअरांत ‘कीवर्ड’ अथवा ‘टॅग’ नावाचे जे सदर असते, आणि ज्याच्या आधाराने दहा वर्षांनंतर हजारो चित्रांतून हवे ते एक चित्र क्षणात हाती यावे अशी अपेक्षा असते, त्याविषयी चांगल्या जाणकार मंडळींच्या मनातही इतके चुकीचे समज रुजले आहेत, की त्यांचा एकवार खुलासा करणे अगत्याचे वाटते.

पहिला समज असा, की फोल्डर शिस्तीने लावले म्हणजे कीवर्डांचे प्रयोजन उरत नाही. वर्षाचे फोल्डर, त्यात महिन्याचे, त्यात प्रसंगाचे, ही व्यवस्था उत्तमच आहे आणि ती मोडण्याचे कारण नाही. तथापि फोल्डर हे केवळ स्थान आहे. एक फाईल एका वेळी एकाच स्थानी राहू शकते, आणि चित्राचा विषय मात्र क्वचितच एकच असतो. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागद रुमालांत बांधलेले असतात, आणि एक कागद एकाच रुमालात राहू शकतो. म्हणून १९३० ते १९३४ या काळात गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली त्या दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, तेव्हा रुमालांच्या मांडणीवर विषयांची एक दुसरी मांडणी उभी राहिली, आणि तिच्यामुळेच अभ्यासकाला त्या अफाट राशीत वाट सापडू लागली. कीवर्ड ही तशी दुसरी मांडणी होय. यात्रेच्या मिरवणुकीचे एक चित्र घ्या: त्यात नंदीध्वज आहे, बाराबंदी ल्यालेले भक्त आहेत, मागे भुईकोट किल्ल्याची तटबंदी आहे, आणि गर्दीत आपले थोरले काकाही आहेत. हे चित्र ‘यात्रा’ या फोल्डरात ठेवले, तर किल्ल्याची चित्रे शोधणाऱ्याला ते कोणत्या वाटेने सापडावे?

दुसरा समज अलीकडचा आहे आणि तो अधिक बळकट आहे. आता यंत्रच चित्र ओळखते, मग माणसाने शब्द कशाला लिहावेत, असे पुष्कळ जण विचारतात. यंत्राची ओळख निरुपयोगी नाही. ‘समुद्र’, ‘कुत्रा’, ‘लग्न’ एवढ्याने ज्याचे काम भागते त्याने तिचा खुशाल लाभ घ्यावा. पण यात्रेच्या चित्रांत यंत्राला फार तर गर्दी, काठी, पांढरे कपडे एवढे दिसते. सात नंदीध्वजांपैकी हा कितवा, हा प्रसंग अडुसष्ट लिंगांच्या यण्णीमज्जनाचा की संमती कट्ट्यावरील अक्षता सोहळ्याचा, होम प्रदीपनाची रात्र की कप्पडकळीचा दिवस, हे ज्ञान चित्राच्या ठिपक्यांत नसून पाहणाऱ्याच्या ठायी असते, आणि पाहणारा ते लिहून ठेवील तरच ते टिकते. शिवाय ऑनलाइन सेवेतील यंत्राने केलेली ओळख बहुधा त्या सेवेच्या दप्तरातच राहते. चित्र उतरवून घेतले तर फाईलबरोबर ती येत नाही.

याच ठिकाणी तिसऱ्या आणि माझ्या मते सर्वांत घातक गैरसमजाकडे वळले पाहिजे. सॉफ्टवेअरमध्ये कीवर्ड लिहिला म्हणजे तो चित्रात लिहिला गेला, असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः लाइटरूम आपली सर्व नोंद प्रथम ‘कॅटलॉग’ नावाच्या स्वतंत्र फाईलमध्ये करते, आणि मेटाडेटा फाईलमध्ये जतन करण्याची आज्ञा दिल्याखेरीज किंवा तो आपोआप लिहिला जावा असा पर्याय निवडल्याखेरीज मूळ फाईलला त्याची वार्ताही नसते. डिजिकॅमचेही स्वतःचे नोंदपुस्तक असते, आणि टॅग फाईलमध्ये उतरवायचे की नाही हे त्याच्या सेटिंगवर ठरते. आज्ञा दिल्यावर जेपेग फाईलमध्ये शब्द आतच लिहिले जातात; कॅमेऱ्याच्या रॉ फाईलच्या बाबतीत मात्र तिच्या शेजारी त्याच नावाची, एक्सएमपी प्रत्ययाची छोटी फाईल तयार होते. ही जोडफाईल अनेकांना निरुपयोगी कचरा वाटते आणि हार्ड डिस्क साफ करताना तीच प्रथम काढून टाकली जाते. तिच्याबरोबर वर्षांचे श्रम जातात. व्हॉट्सॲपवरून धाडलेल्या छायाचित्राचा मेटाडेटा वाटेतच गळून पडतो, हेही येथेच सांगितलेले बरे. नातेवाइकास कीवर्डांसह चित्र हवे असेल, तर ते डॉक्युमेंट म्हणून किंवा पेन ड्राइव्हवर द्यावे.

आता मराठीचा प्रश्न. ‘मराठीत कीवर्ड चालत नाहीत, इंग्रजीतच लिहावे लागतात’ असे वारंवार ऐकू येते. हा समज सर्वस्वी निराधार नाही, परंतु त्याचे कारण ठाऊक नसल्यामुळे तो आवश्यकतेहून मोठा झाला आहे. कीवर्ड फाईलमध्ये दोन जागी लिहिला जाऊ शकतो. एक जागा जुनी: वृत्तसंस्थांच्या परस्पर देवघेवीसाठी, १९६५ मध्ये स्थापन झालेल्या आयपीटीसी या संस्थेने १९९१ च्या सुमारास सिद्ध केलेली. तिच्यात एका कीवर्डाला ६४ बाइटांची मर्यादा आहे. दुसरी जागा म्हणजे ॲडोबीने २००१ मध्ये आणलेली एक्सएमपी. तिला अशी मर्यादा नाही. इंग्रजीचे एक अक्षर एका बाइटात मावते, पण युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते व्यंजन असो, मात्रा असो की हलन्त, तीन बाइट घेते. ‘श्री सिद्धेश्वर यात्रा अक्षता सोहळा’ असा एकच कीवर्ड कोणी लिहिला, तर ‘श्री सिद्धेश्वर यात्रा’ एवढ्यातच ६२ बाइट संपतात. पुढची मोकळी जागा धरून ६३ होतात, आणि ‘अक्षता’मधल्या ‘अ’ला तीन लागत असता एकच शिल्लक राहतो. जुन्या मर्यादेचे काटेकोर पालन करणारे सॉफ्टवेअर तेथेच तोड घालते, आणि शेपटीला एखादे विचित्र चिन्ह उरते. म्हणजे दोष मराठीचा नसून लांबीचा आहे. ‘सिद्धेश्वर यात्रा’ आणि ‘अक्षता सोहळा’ असे दोन आटोपशीर कीवर्ड करावेत, आणि दोन्ही जागी निर्विघ्नपणे मावू द्यावेत. युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकित केलेला मजकूर मात्र कीवर्डाच्या सदरात कधीच उतरवू नये. तो फॉन्ट गेला की अर्थही जातो.

मराठीची खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती आपल्या हातची आहे. संगणक उच्चार पाहत नाही, चिन्हांचा क्रम पाहतो. ‘सिद्धेश्वर’ आणि ‘सिध्देश्वर’ ही दोन रूपे घाईने वाचणाऱ्या डोळ्याला एकच भासतात, परंतु पहिल्यात द् नंतर ध आहे आणि दुसऱ्यात ध् नंतर द. सॉफ्टवेअरच्या लेखी हे दोन निरनिराळे देव झाले. ‘सोलापूर’ आणि ‘सोलापुर’ यांचीही तीच गत. कोणी ‘सोलापुरातील मिरवणुका’ असे विभक्ती-प्रत्ययासह लिहितो, कोणी ‘मिरवणूक’ लिहितो, आणि एका विषयाची चित्रे तीन-चार शब्दांत विभागली जातात. म्हणून नियम असा असावा, की कीवर्ड मूळ रूपात, एकवचनात, एकाच ठरलेल्या लेखनाने लिहावा आणि प्रत्येक वेळी नव्याने टंकित न करता यादीतूनच निवडावा. जुन्या चुका निस्तरण्याचा मार्गही सोपा आहे: चुकीच्या कीवर्डाखालील सर्व चित्रे एकदम निवडून त्यांना शुद्ध कीवर्ड लावावा, आणि मगच चुकीचा शब्द यादीतून काढावा; क्रम उलटा झाला तर चित्रे निनावी होतात. ‘शोलापूर’ असे जुने रूप, किंवा ‘माळढोक’ला ‘ग्रेट इंडियन बस्टर्ड’, यांसाठी लाइटरूममध्ये समानार्थी शब्दांची स्वतंत्र सोय आहे. तिचा उपयोग करावा, वेगळा कीवर्ड निर्माण करू नये.

कीवर्डांची उतरंड केली म्हणजे ती कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये तशीच दिसेल, हाही भ्रमच. ‘स्थळ’खाली ‘सोलापूर’, त्याखाली ‘लक्ष्मी मिल’ अशी रचना एका सॉफ्टवेअरमध्ये सुरेख दिसते. पण दुसऱ्याला ती उतरंड वाचता येत नसेल, तर तेथे सारे शब्द एका पातळीवर सपाट होऊन येतात. अशा वेळी कोणी उतरंडीच्या भरवशावर नुसते ‘लक्ष्मी’ एवढेच लिहिले असेल, तर ती गिरणी, ती देवता आणि घरातली लक्ष्मीकाकू यांची एकच गर्दी होते. प्रत्येक शब्द एकटा पडला तरी ओळखू यावा, इतका तो पूर्ण असला पाहिजे. वरची सदरे मात्र थोडी नि भक्कम ठरवावीत. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोलन वर्गीकरणात विषयाची विभागणी पाच अंगांनी करण्याची जी दृष्टी पुढे विकसित झाली, ती येथेही मोलाची ठरते: कोण, कोणती वस्तू, कोणती क्रिया, कोठे, केव्हा. शेवटच्या अंगाकडे विशेष लक्ष हवे, कारण स्कॅन केलेल्या चित्राला संगणक बहुधा स्कॅनचीच तारीख देतो. १९५० च्या सुमाराचा गिरणीतला समूहफोटो आजच्या तारखेत जाऊन बसतो. त्यासाठी दशकाचा कीवर्ड लावावा.

जितके कीवर्ड अधिक तितके चांगले, हा समज मी थोडक्यात बाजूला सारतो. आकाश, ढग, झाड, निळा असे शब्द ओतल्याने शोध सुलभ होत नाही. ज्या शब्दाने आपण उद्या हे चित्र मागू तेवढाच शब्द लिहावा, आणि कथा सांगायची असेल तर ती वर्णनाच्या सदरात लिहावी.

एका बाबतीत मात्र कमी लिहिणे नव्हे, तर लिहिलेले झाकणे हे कर्तव्यच ठरते. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ पासूनचे आहे, आणि माळढोक हा पक्षी २०११ पासून आंतरराष्ट्रीय यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. त्याच्या चित्राला गावाचे, माळाचे, घरट्याचे कीवर्ड लावणे अभ्यासासाठी योग्यच. पण तेच चित्र जगासाठी बाहेर पाठवताना त्या शब्दांसह आणि जीपीएस स्थानासह गेले, तर आपण हौशी गर्दीला त्या पक्ष्याच्या दारात नेऊन सोडतो. लाइटरूममध्ये प्रत्येक कीवर्डाला निर्यातीत सामील करावे की नाही हा पर्याय स्वतंत्रपणे देता येतो, आणि निर्यात करताना स्थानाची माहिती वगळताही येते. लहान मुलांची नावे आणि घरचे पत्ते यांनाही हाच नियम लागू करावा.

सॉफ्टवेअर बदलण्याचा प्रसंग आज ना उद्या प्रत्येकावर येतो. तो येण्यापूर्वी सर्व निवडक चित्रांचा मेटाडेटा फाईलमध्ये लिहून घ्यावा, कॅटलॉगची वेगळी प्रत काढावी, आणि दहा-वीस फाईली दुसऱ्याच एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून ‘नंदीध्वज’ शोधून पाहावा. तो सापडला नाही, तर जुने सॉफ्टवेअर काढून टाकण्याची घाई करू नये.