गिटारमधला घूंऽऽ कुठून येतो?

जालना जिल्ह्यातल्या आष्टीला एका शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या तालमीला बसण्याचा योग आला होता. (हे परतूर तालुक्यातले आष्टी, बीड जिल्ह्यातल्या आष्टीशी त्याची नेहमी गल्लत होते.) ढोलकी लागली, कीबोर्ड लागला आणि मग अकरावीतल्या एका मुलाने कुणाकडून तरी मागून आणलेली इलेक्ट्रिक गिटार ॲम्प्लिफायरला जोडली. एकही तार छेडण्याआधी स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज सुरू झाला. साउंडवाल्याने ‘गिटारच खराब आहे’ असा निकाल दिला आणि उपायही सुचवला : प्लगची जाड पिन काढून टाका, आवाज बंद होतो.

हा उपाय कधीकधी खरोखर लागू पडतो, आणि तोच सर्वांत घातक आहे. त्याकडे नंतर येऊ. आधी हे पाहू, की ती गिटार खराब नव्हती. आपले काम ती जरा जास्तच चोख करत होती.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली ‘पिकअप’ नावाची पट्टी असते. तिच्यात लहान चुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे असतात. गिटारची पोलादी तार चुंबकाच्या सान्निध्यात स्वतःही थोडी चुंबकित होते. ती कंप पावली की वेढ्यांमधून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते, आणि क्षेत्र बदलले की वेढ्यांत विभवांतर निर्माण होते. दहावीच्या वर्गात आपण शिकवतो तेच फॅरेडेचे प्रवर्तन. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते, तर तेवढ्याच वारंवारतेचा संकेत ॲम्प्लिफायरकडे जातो.

पण हे क्षेत्र कुणी बदलले, तारेने की आणखी कुणी, हे गुंडाळीला कळत नाही. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची. तिच्या धारेभोवतीचे चुंबकीय क्षेत्रही सेकंदाला ५० आवर्तने करते. भिंतीतल्या वायरींचा त्रास तसा कमी, कारण जाणारी आणि परतणारी धारा शेजारीशेजारी असते आणि त्यांची क्षेत्रे एकमेकांना बरीचशी मारतात. खरे चोर म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि जुन्या ट्यूबलाइटचे चोक. त्यांच्यातून निसटलेले क्षेत्र पिकअपमध्ये शिरते आणि हजारो वेढ्यांमुळे त्याचे विभवांतर स्पीकर हलवण्याइतके होते. शिवाय हे क्षेत्र शुद्ध ५० हर्ट्झचे क्वचितच असते. १०० आणि १५० हर्ट्झचे अंशही त्यात असतात. लहान स्पीकरवर आपल्याला मुख्यतः तेच ऐकू येतात.

मग चोर पकडायचा कसा? आम्ही आधी गिटारवरचे आवाजाचे बटण शून्यावर आणले. घूं तसाच राहिला असता, तर दोष ॲम्प्लिफायरचा किंवा जोडणीचा ठरला असता. तो बराच कमी झाला, थोडा उरला. म्हणजे चोर एक नव्हे, दोन. बटण पुन्हा वाढवून मुलाला जागच्या जागी हळूहळू फिरायला सांगितले. एका दिशेला घूं जोरात, तिथून काटकोनात वळल्यावर जवळपास गायब. क्षेत्राच्या रेषा गुंडाळीला समांतर गेल्या की तिच्यातून काहीच आरपार जात नाही, त्याचाच हा पुरावा. तो मुलगा ॲम्प्लिफायरला अगदी खेटून उभा होता आणि त्यातलाच ट्रान्सफॉर्मर त्याला छळत होता.

गिटारमध्ये आतून चांदीचा कागद चिकटवला तर? अनेकजण चिकटवतात. तो भूसंपर्कित केला, तर आसपासच्या वायरींच्या विद्युत क्षेत्रामुळे येणारी खरखर थांबते. ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र मात्र पातळ ॲल्युमिनियममधून बिनदिक्कत पार होते. त्यावर उपाय दोनच : दूर जाणे किंवा वजाबाकी करणे.

दूर जाण्याचे मोठे उदाहरण मुंबईचे आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजमापे एकोणिसाव्या शतकापासून होत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचे ठरले. रुळांतून आणि जमिनीतून परतणारी त्यांची धारा सतत कमीजास्त होणार आणि वेधशाळेची नाजूक उपकरणे तीही ‘ऐकणार’ हे उघड होते. तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या काळात अलिबागला, बांधकामात लोखंड टाळून, नवी चुंबकीय वेधशाळा उभारली गेली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नवीला जोडता यावी. विजेची ट्राम १९०७ साली धावली. अलिबागच्या नोंदी आजही चालू आहेत.

गिटारवादकाला अलिबागला जाता येत नाही. त्याच्यासाठी वजाबाकी आहे. गिब्सन कंपनीतला अभियंता सेथ लव्हर याने १९५५ साली एका पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९५९ साली ते मिळाले. त्यात शेजारीशेजारी दोन गुंडाळ्या, वेढे एकमेकींच्या उलट. बाहेरचे क्षेत्र दोन्हींतून सारखेच जाते, पण विभवांतरे विरुद्ध चिन्हांची होतात आणि बेरीज शून्याकडे जाते. मग तारेचा सूरही जाईल की! म्हणून दुसऱ्या गुंडाळीखालचा चुंबकाचा ध्रुवही उलटा ठेवला. वेढे उलटे आणि ध्रुवही उलटा. उणे गुणिले उणे. सूर दुणावतो, घूं मरतो.

हे वर्गात दाखवता येते. एकाच जातीच्या दोन जुन्या रिलेच्या गुंडाळ्या घ्या. एक गुंडाळी शाळेच्या ॲम्प्लिफायरच्या माइकच्या जागी जोडा आणि चालू ट्यूबलाइटच्या पट्टीपासून हातभर अंतरावर धरा. पट्टी उघडायची मात्र नाही. घूं येईल. गाभ्याला छोटा चुंबक चिकटवून त्यापुढे हॅक्सॉचे पाते छेडा, की झाला पिकअप. आता दुसरी गुंडाळी एकसरीत जोडा. घूं वाढला, तर तिची दोन टोके अदलाबदल करा. चोकच्या फार जवळ गेल्यास वजाबाकी फसते, कारण दोन्ही गुंडाळ्यांना मिळणारे क्षेत्र सारखे राहत नाही. का, ते मुलांनाच शोधू द्या.

आता ती जाड पिन. कीबोर्ड एका सॉकेटवर आणि ॲम्प्लिफायर दूरच्या दुसऱ्या सॉकेटवर असेल, तर अर्थिंगची वायर आणि आवाजाची केबल मिळून एक मोठे कडे तयार होते. तोही एक वेढाच. त्यातही घूं शिरतो. पिन काढली की कडे तुटते आणि घूं थांबतो. पण ॲम्प्लिफायरच्या धातूच्या पेटीत वीज उतरली, तर तिला जमिनीत नेणारी वाटही तुटते. गिटारच्या तारा केबलमार्फत त्याच पेटीला जोडलेल्या असतात आणि त्या वादकाच्या हातात असतात. १९७२ साली वेल्समधल्या स्वॉन्झी शहरात लेस्ली हार्वी हा स्कॉटिश वादक भर मंचावर, हातात गिटार असताना अर्थिंग नसलेल्या माइकला स्पर्श होऊन दगावला. कडे तोडायचे तर सगळे प्लग एकाच बोर्डवर घ्यावेत. पिनेला हात लावू नये.

आष्टीत पिन शाबूत होती, पण तारेला टेस्टर लावताच त्याचा दिवा मिणमिणला. मंचावरच्या बोर्डच्या तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. दुसरा चोर तो. वायरमनला बोलावून तपासलेल्या अर्थिंगची लाइन शाळेच्या कार्यालयातून मंचापर्यंत ओढली आणि कीबोर्डही तिच्यावरच घेतला. उरलेल्या घूंसाठी ॲम्प्लिफायर चार-पाच हात मागे सरकवला. संमेलनात त्या मुलाने सगळे गाणे विंगेकडे तोंड करून वाजवले. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना तो लाजतोय असे वाटले.