पथ्य, काढा आणि वृद्ध हृदयरोगी : एक मागोवा

सन १९०७ मध्ये नाशिक येथे शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घातला गेला. पुढे अहमदनगरास १९१७ साली गंगाधरशास्त्री गुणे यांचे विद्यालय, पुण्यास १९३३ साली टिळक आयुर्वेद महाविद्यालय आणि वरळीस १९४१ साली पोदार महाविद्यालय उभे राहिले, आणि वैद्य घडविण्याच्या या कार्याचा तपशील संस्थांच्या दप्तरी यथास्थित नमूद झाला. साठी ओलांडलेल्या हृदयरोग्याला मात्र या काळात काय शिकविले गेले, याची नोंद सहसा आढळत नाही. कारण ते शिक्षण वैद्याच्या ओसरीवर तोंडी चाले, किंवा पदेशास्त्र्यांच्या ‘आर्यभिषक्’सारख्या ग्रंथांतून घरातल्या वाचणाऱ्यामार्फत आजोबांपर्यंत पोहोचे.

त्या तोंडी शिक्षणात औषधाहून पथ्याला मान अधिक, आणि तो वाजवीच होता. हृदय व ओज यांचे रक्षण इच्छिणाऱ्याने मनाला दुःख देणारी कारणे विशेषेकरून टाळावीत, असे चरकाने सूत्रस्थानाच्या अखेरच्या अध्यायात सांगितले आहे. सुश्रुताने व्यायामाच्या मर्यादेची जी खूण दिली आहे, ती तर घड्याळावाचून पाळता येण्याजोगी आहे : हृदयस्थ वायू मुखाशी येऊ लागला, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागला, की निम्मे बळ खर्ची पडले असे समजून थांबावे. सोबत्याशी न अडखळता बोलता येईल इतपतच वेगाने चाला, असे आजचे हृदयरोगतज्ज्ञ सांगतात तेव्हा तेही याच सीमेच्या आसपास असतात. (ज्या पेन्शनरांना फिरावयास सोबतीच उरला नाही त्यांनी काय करावे, हे दोन्ही शास्त्रांनी सांगितलेले नाही.)

शतकाच्या मध्यावर मात्र पथ्य मागे पडून वनस्पती पुढे आली. कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली सर्पगंधेच्या मुळीचा उन्माद आणि रक्तदाब या दोहोंवरील गुण प्रसिद्ध केला; मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली ५० रोग्यांवरील आपला अनुभव ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात मांडला. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत त्या मुळीतून रिसर्पिन वेगळे काढण्यात आले, आणि १९५७ साली वकिलांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक लाभले. पुढे याच औषधाने काही रोग्यांना खिन्नता ग्रासते व नाडी मंदावते असे दिसून आले, आणि नव्या गोळ्या येताच ते अडगळीत गेले. आपल्याकडील लोकप्रिय आरोग्यलेखनाने या कथेचा पूर्वार्ध मोठ्या अभिमानाने सांगितला. उत्तरार्ध, जो वृद्धांच्या खरोखर उपयोगाचा होता, तो सांगण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही.

अर्जुनसादड्याचेही थोडेफार असेच झाले. एक भाग साल, आठ भाग दूध व बत्तीस भाग पाणी एकत्र करून दूध शेष राहीपर्यंत आटविलेला क्षीरपाक आजही अनेक घरांत श्रद्धेने घेतला जातो. इंदूरच्या डॉक्टरांनी १९९५ साली हट्टी हृदयदौर्बल्याच्या १२ रोग्यांत अर्जुनाचा लाभ नोंदविला, त्याचा दाखला वारंवार दिला जातो. दिल्लीत झालेल्या व २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याहून मोठ्या चाचणीत हृदयाच्या आकुंचनशक्तीत सुधारणा आढळली नाही, हे मात्र बाटलीवरच्या मजकुरात कोठून येणार?

आज वृद्ध हृदयरोग्याच्या पिशवीत एका बाजूस गोळ्यांच्या पट्ट्या आणि दुसऱ्या बाजूस चूर्णाच्या पुड्या असतात. पुष्कळ दिवस भरपूर ज्येष्ठमध घेतले तर शरीरातील पोटॅशियम उतरते, आणि डिगॉक्सिन चालू असेल तर त्यातून नाडीची लय बिघडू शकते; लवणभास्करातील मीठ सूज आलेल्या पायांना मानवत नाही; अर्जुनारिष्टातला गूळ मधुमेह्याच्या हिशेबात धरावा लागतो. वृद्धाला या गोष्टी समजत नाहीत असे नव्हे, त्या त्याला कोणी विचारीत नाही. डॉक्टरपुढे काढ्याचे नाव काढले तर ते रागावतील ही त्याची भीती, आणि वैद्यापुढे गोळ्यांची यादी वाचली तर आपला विश्वास कमी ठरेल हा त्याचा संकोच. दवाखान्यातील केसपेपरावर चालू औषधांसाठी रकाना असतो खरा. पण त्यात पट्टीवरची नावे तेवढी उतरवून घेतली जातात, आणि पुडी पिशवीतच राहते.